कोरियन खुनी आणि आमचे हे

मराठी मालिका कानांनी बघता येते. मी कित्येक वर्षं तशीच बघत आले. ओट्याशी उभं राहून कणीक मळायची आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कोण रडतंय, कुणाच्या थोबाडीत बसली, कोण घर सोडून निघाली, हे आपसूक कानांवर पडायचं. मान वळवायचीसुद्धा गरज नाही. कोरियन मालिकेचं तसं नसतं हो. तिथे मान वळली की मेला तो कोण होता हेच कळत नाही. खाली हिंदी अक्षरं येतात, जरा थांबतात आणि भुर्रकन जातात. सुरुवातीला माझं दूध उतू गेलं, डाळ करपली, एकदा तर गॅसवर ठेवलेली कढई इतकी तापली की अजून तिच्या बुडाचा डाग निघालेला नाही. तरीही मी म्हणेन, ती कढई कामी आली.

आधी सांगते, बोईसरजवळच्या सरावलीतल्या आमच्या दोन खोल्यांत कोरिया शिरला कसा.

आमचे हे मूळचे इचलकरंजीकडचे. मी इथलीच, पालघरजवळच्या माहीमची, नारळ-पानवेलींच्या वाडीवाल्यांच्या घरातली. यांनी तरुणपणी बोईसर गाठलं ते थेट एका कापडगिरणीत, लूमवर. निवृत्त होईपर्यंत तिथेच. लूमच्या शेडमध्ये मी एकदा गेले होते, दसऱ्याला, मशीनची पूजा असते म्हणून. एकच लूम सुरू करून दाखवला, तर माझ्या छातीत धडधडायला लागलं. आणि हे आख्खी पाळी, आख्खा जन्म तशा कितीतरी लूमच्या मधोमध उभे. कान जायचे ते गेलेच.

पण 'गेले' म्हणायचं नाही बरं का. मी, माझी मुलगी, शेजारपाजार, कुणीही म्हटलं की ह्यांचं उत्तर तयार. "तुम्ही तोंडातल्या तोंडात पुटपुटता, त्याला मी काय करू?" शेडमध्ये कुणालाच कुणाचं ऐकू येत नसतं, त्यामुळे तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात, हातवारे करून बोलतात. हे त्यात पटाईत. समोर तोंड करून बोललं तर असं नेमकं उत्तर द्यायचे की ऐकणारा म्हणणार, कोण म्हणतं यांना ऐकू येत नाही! मी ओट्याकडे तोंड करून काही विचारलं की मात्र ढिम्म. त्यावरून मी यांना किती वर्षं अक्कडबाज म्हटलं असेल.

निवृत्त झाल्यावर ओठ वाचायलाही माणसं उरली नाहीत. लग्नाकार्यात हे कोपऱ्यातली खुर्ची धरायचे आणि बाकीचे हसले की हसायचे. संध्याकाळी मी टीव्ही लावला की यांची खुर्ची गॅलरीत. रस्त्यावरून कंपन्यांच्या बसा जातात त्या बघत बसायचं. आमच्यात बोलणं उरलं होतं ते पाणी आलं, जेवायला चला, गोळी घेतली का, एवढंच. आणि हा माणूस मुळात असा नव्हता हो! पाळी संपवून आले की हातपाय धुवायच्या आधी यांचं सुरू व्हायचं. कोणाचा धागा तुटला, कोण सुपरवायझरशी भांडलं, कुणाच्या डब्यात काय होतं. मी वैतागायचे, म्हणायचे की आधी जेवा तरी. तो बडबड्या नवरा मला परत हवा होता. दागिना नको, सहल नको, तेवढंच हवं होतं. आणि तो रोज थोडा थोडा गॅलरीत निघून चालला होता.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. तिने स्वतःसाठी म्हणून एक कोरियन खुनाची मालिका लावली. हिंदीत बोलणारीही मिळते म्हणे, पण तिला ती आवडत नाही. मूळ आवाजातच मजा असते असं तिचं म्हणणं. हे पाणी प्यायला आत आले आणि तांब्या हातात धरून उभेच राहिले. मग सोफ्याच्या कडेवर टेकले. मग मागे रेलले. भाग संपला तसे म्हणाले, "मग मारला कुणी त्याला?"

मुलीने माझ्याकडे बघितलं, मी मुलीकडे. यांनी स्वतःहून काही विचारल्याला किती काळ लोटला होता. मुलगी गेल्यावर भांडी घासताना माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या खोलीत कोरियन कुणालाच कळत नव्हतं. मला ऐकू येऊन उपयोग नव्हता आणि यांना न येऊन काही बिघडत नव्हतं. दोघांनी वाचायचं. टीव्हीपुढे आम्ही पहिल्यांदा सारखे झालो होतो.

मग काय, दिवाबत्ती झाली की आमचं दुकान उघडायचं. आधी मला सगळी माणसं एकसारखी दिसायची. मी त्यांना कोटांवरून ओळखायची. तपकिरी कोट म्हणजे पोलीस, लांब काळा म्हणजे वकील. एका भागात पोलिसाने कोट बदलला तर मी अर्धा भाग त्यालाच खुनी समजत होते आणि हे पोट धरून हसत होते. आता मला तिथला कोण कोणापेक्षा मोठा ते कमरेतून किती वाकला त्यावरून कळतं. ही माणसं खून करून आली तरी दारात बूट काढतात! मला त्यांचं तेच आवडलं. चोर शोधायला आलेला पोलीस बुटांसकट आत घुसला की मला राग येतो. सुरा घेऊन येणारा परवडला, तो फरशी तरी खराब करत नाही.

आणि खाणं किती ते. प्रेत बघून आले की लगेच रस्त्यावरच्या टपरीत बसून सुरूसुरू शेवया ओढतात. आरोपीची विचारपूस करायची तर आधी त्याच्यापुढे गरम रस्सा आणि भात. एका मालिकेत समुद्राकाठचं खेडं होतं, बांबूच्या मांडवावर मासे वाळत घातलेले, खाली मांजरं. मी यांना म्हटलं, हे तर आमच्या माहीमचंच शूटिंग दिसतंय. हे म्हणाले, माहीमला एवढे खून होत नाहीत. त्यांचे कॅमेरे मात्र बघावेत. गल्लीत, गाडीत, लिफ्टमध्ये, माणूस शिंकला तरी पोलिसांना दिसतो. आमच्या सोसायटीचा कॅमेरा वर्षभर एका कबुतराची शेपटी दाखवतोय.

यांचा खुनी ठरलेला असायचा. कंपनीचा मालक. पहिल्या भागात काळ्या गाडीतून एखादा चेअरमन उतरला, मागे छत्री धरणारा माणूस असला, की यांचं बोट वर. "हाच." मी म्हणायचे, अहो, अजून कोणी मेलंसुद्धा नाहीये. तर म्हणायचे, मरेल, बघ तू. आणि कप्पाळ माझं, पुष्कळदा तोच निघायचा! कारखान्यात जुना अपघात झालेला, कामगार मेलेले, चेअरमनने प्रकरण दाबलेलं, आणि कुणाचा तरी मुलगा मोठा होऊन सूड घेतोय. असल्या गोष्टीला यांचे डोळे भरून यायचे. मग टीव्ही थांबवून हे मला सांगायचे, आमच्या शेडमध्येही एकाचं बोट असंच गेलं होतं, अमक्या साली, तमक्या पाळीला. मी पूर्वी कधी न ऐकलेल्या गोष्टी. कोरियातला खून राहायचा बाजूला आणि माझा नवरा बोलत बसायचा. मी चहा गार होऊ द्यायची.

माझा संशय मात्र गोड माणसावर असायचा. उगाच हसून बोलणारा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा. ही माझी वाडीतली अक्कल. तिथे कुंपणाशी उभा राहून फार गोड बोलणारा माणूस नारळ न्यायला आलेला असतो.

आमचा नियम एकच होता. दुसऱ्याला सोडून पुढचं बघायचं नाही. शेवटाच्या आधी दोघांनी आपापला खुनी सांगायचा आणि हरेल त्याने चहा करायचा. यांच्या चहाला नुसता रंग असतो, चव नसते, पण मी तो कौतुकाने प्यायले आहे. असं आमचं छान चाललं होतं. आणि मग ते औषधवाल्याचं प्रकरण आलं.

ती मालिका एका छोट्या बंदराच्या गावाची होती. गावात एक सिमेंट कंपनी, तिचा चेअरमन, काळी गाडी, सगळं यांच्या मनासारखं. आणि गावात एक म्हातारा औषधांच्या दुकानाचा मालक. आजाऱ्याला उधार औषध देणारा, पोरांच्या हातावर गोळ्या ठेवणारा. एका जिन्यात अंधारात एका बाईवर हल्ला होतो. पडद्यावर नुसता काळोख. पण त्या काळोखात बारीकसं घुंगरू वाजलं. पुढे दोन-तीन भाग गेल्यावर तो औषधवाला दुकानातून चालत बाहेर आला आणि त्याच्या खिशात तेच घुंगरू वाजलं. किल्ल्यांना लावलेलं असणार. मी मनात म्हटलं, सापडलास मेल्या.

हे म्हणाले चेअरमन. मी म्हटलं औषधवाला. हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. एवढ्या देवमाणसावर संशय घेतेस म्हणून मला बोललेसुद्धा. शेवटच्या भागात पोलिसांनी औषधवाल्याच्या हातात बेड्या घातल्या तेव्हा मी टाळी वाजवली. मग यांनी विचारलं, तुला कसं कळलं? मी आपली भोळेपणाने सांगून गेले, अहो, ते घुंगरू नव्हतं का वाजत.

"कसलं घुंगरू? खाली कुठं लिहिलं होतं?"

लिहिलं नव्हतंच. खाली फक्त माणसांचं बोलणं येतं, घुंगरू येत नाही. यांनी टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चेहरा असा काही कठोर झाला की बस्स. जे लिहिलेलं नाही ते असू शकत नाही. म्हणजे मी यांच्या माघारी पुढचं बघून ठेवलं होतं. असं यांनी ठरवलं आणि मला ऐकवलं. वर म्हणाले, फसवायचं तर एकत्र बघायचं तरी कशाला.

मला जो संताप आला! ज्या बाईने यांच्यासाठी कढई जाळली तिला चोर ठरवायचं? उत्तर माझ्या ओठांवर होतं. तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. आम्ही सगळ्यांनी ते यांना हजारदा ऐकवलेलं होतं, चिडून, थट्टेने, कंटाळून. पण त्या संध्याकाळी नाही म्हणवलं. जगात एकच जागा अशी होती जिथे हे बहिरे नव्हते, ती म्हणजे आमचा सोफा. मी ते वाक्य बोलले असते तर तीही गेली असती. चोर तर चोर.

खुर्ची परत गॅलरीत गेली. पाणी आलं, जेवायला चला, गोळी घेतली का. मी टीव्ही लावला तरी हे आत येईनात. एकटीने कोरियन बघण्यात काही राम नाही. खुनी कोण हे कुणाला सांगायचं? मी मराठी मालिका परत सुरू केली, कानांनी. रोज वाटायचं, ह्यावेळी हा माणूस बाहेर गेला तो कायमचा.

शेवटी मीच माहीमला निघून गेले, भावाकडे, एका दिवसापुरती. पालघरहून एस्टी मिळाली. वहिनीने पानवेलींना पाणी घालता घालता सगळं ऐकून घेतलं आणि मला वेड्यात काढलं. "एवढंच हाय ना? आमी तर टीवीवरून कधी भांडत नाय." तिला काय सांगणार. टीव्हीवरून भांडायला समोरचा माणूस बोलावा लागतो. तिने नारळ आणि विड्याची पानं दिली, ती घेऊन मी दुपार कलता घरी परतले.

खालच्या मजल्यापासूनच ऐकू यायला लागलं. आख्ख्या जिन्यात कोरियन दणाणत होतं. शेजारची भाभी दारात उभी, हिंदीत विचारतेय की घरात काही झालं का, बेल वाजवून वाजवून ती थकली होती. मी किल्लीने दार उघडलं. यांना कळलंच नाही मी आलेली.

टीव्ही फुल्ल आवाजात. पडद्यावर तोच जिना, तोच काळोख. आणि आमचे हे टीव्हीच्या शेजारी उभे, डोळे मिटलेले, एका हातात रिमोट आणि दुसऱ्या हाताचा तळवा टीव्हीच्या पाठीवर पसरून ठेवलेला. प्रसंग संपला की मागे न्यायचे. पुन्हा तळवा टेकवायचा. पुन्हा मागे.

मला एकदम समजलं. शेडमध्ये कानांचा उपयोग नसतो, लूम कुठे बिघडतोय ते त्याच्या अंगावर हात ठेवून ओळखायचं असतं, असं यांनी मला पूर्वी कधी सांगितलं होतं. हा माणूस तळव्याने घुंगरू शोधत होता. मला खोटं ठरवायला नव्हे. मला खोटं ठरवायचं असतं तर एकदा बघून मोकळे झाले असते. मी खरी ठरावी म्हणून हे धडपडत होते, आणि ते त्यांना सापडत नव्हतं. मी पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिले.

यांनी डोळे उघडले तर समोर मी. रिमोट खाली ठेवला. लपवालपवी केली नाही, 'तुम्ही पुटपुटता' असंही म्हणाले नाहीत.

"येईना गं," ते म्हणाले. "घुंगरू कुठं वाजतंय, मला कायच ऐकू येईना."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी टीव्ही बंद केला. मग त्यांच्या समोर नीट तोंड करून, सावकाश म्हटलं की पालघरला कानांचे डॉक्टर आहेत, जाऊया. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, तू खरंच पुढचं बघितलं नव्हतंस ना? मी म्हटलं, देवाशपथ नाही. म्हणाले, मग चहा मी करतो, हरलोय मी. आणि तो रंगीत पाण्यासारखा चहा घेऊन आले.

पालघरच्या डॉक्टरांनी यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून यांचा अंगठा बघत होते. तो बराच वेळ हललाच नाही. डॉक्टर एकेक खटका पुढे सरकवत होते आणि मी आपली उगाच पदराचं टोक पिळत बसले होते. मग एकदाचा अंगठा दबला आणि यांनी काचेतून माझ्याकडे बघून हसून दाखवलं, पहिला नंबर आल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, थोडंफार आहे शिल्लक, कानाचं मशीन चालेल. लूमवर होता का, असंही विचारलं. त्यांच्याकडे असे पुष्कळ येतात.

मशीन आलं आणि पहिले काही दिवस हे नुसते दचकत होते. कुकरची शिट्टी, कावळे, पिशवी चुरगाळली तरी. फोडणीला तडतड करत मोहरी पडली तर बाहेरच्या खोलीतून विचारलं, काय फुटलं? वर मलाच ऐकवलं, एवढा गोंगाट करता होय तुम्ही लोक दिवसभर. मी म्हटलं, घ्या आता.

मग एका संध्याकाळी खुर्ची आत आली. नवी मालिका, नवा खून. कोरियन माणसांचे आवाज यांनी पहिल्यांदा नीट ऐकले. एक धिप्पाड पोलीस होता, त्याचा आवाज अगदीच किनरा निघाला, त्यावर हे इतके नाराज झाले की त्याच्यावर संशयच घ्यायला लागले. काळ्या गाडीतून चेअरमन उतरला, यांचं बोट वर गेलं. सगळं पुन्हा जागच्या जागी होतं.

फक्त मी गप्प होते. त्याचं असं आहे की यांना ऐकू येत नाही म्हटल्यावर मला एक खोड लागली होती. यांच्या शेजारी बसून, टीव्हीकडे तोंड ठेवून मी हवं ते बोलायची. कंबर दुखते, मुलीची आठवण येते, आज तुम्ही निळा शर्ट घातलात तो तुम्हाला शोभतो, तुम्ही भारी हट्टी आहात, तुम्ही आधी गेलात तर मी काय करू. असलं काहीबाही. कुणी ऐकत नाही म्हणून सगळं बोलून टाकता येत होतं. आता शेजारी ऐकणारा माणूस बसला होता आणि मला नव्या नवरीसारखी लाज वाटत होती. मी नुसती अक्षरं वाचत राहिले.

बऱ्याच वेळाने यांनी रिमोट उचलला आणि मालिका थांबवली. पडद्यावर चेअरमन तोंड उघडून तसाच राहिला. मला वाटलं, खुनी बदलणार बहुतेक.

"तू रोज काहीतरी बोलत असायचीस," हे म्हणाले. "तोंड तिकडं असायचं, मला कायच कळायचं न्हाई. आता बोल की. मशीन काय ह्या कोरियन लोकांसाठी घेतलंय व्हय?"